शिबिर की कट्टा?

लिहायला शिकायचंय, तर दोन दिवसांच्या निवासी शिबिराला जावं की पंधरवड्याला भरणाऱ्या लेखन-कट्ट्यावर बसावं? मी दोन्ही करून पाहिलंय. आधी सांगा, लिहिता काय?

गझल असेल तर डोळे मिटून शिबिर. गझलेत शिकवता येण्याजोगं बरंच असतं आणि ते पटकन शिकवता येतं. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका काढली ती उगाच नाही. मी ती वाचली होती, तरी अलामत, म्हणजे यमकात शेवटपर्यंत न बदलणारा स्वर, डोक्यात शिरली नव्हती. शिबिरात 'रात', 'बात', 'घात' अशी यमकं जुळवली आणि पुढच्या शेरात ऐटीत 'रीत' आणली. शिकवणाऱ्या बाईंनी चारही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले, तीन 'आ' आणि एका 'ई'भोवती गोल काढला आणि खडू ठेवून दिला. दुपारी भुजंगप्रयात वृत्त: लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू), टाळ्यांच्या ठेक्यावर. लहानपणी मनाचे श्लोक म्हटलेल्यांचा कान या वृत्तात मुरलेलाच असतो. हे काम चाळीस जणांना एकत्र बसवूनही होतं.

कथेचं तसं नाही. कथेच्या शिबिरातही आम्ही चाळीसच होतो. प्रत्येकाच्या कथेला दहा मिनिटं धरली तरी चारशे मिनिटं, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास. ते आणायचे कुठून? मग मान्यवर आपल्या आठवणी सांगतात. आठवणी रंगल्या, जेवणही झकास होतं. माझी कथा पिशवीतून बाहेर निघालीच नाही. शुल्क मात्र हजारांत.

आमचा कट्टा वाचनालयाच्या माडीवर भरतो. आठ जण, एका बैठकीत दोघांचं वाचन, त्यामुळे पाळी दोन महिन्यांनी येते. वाचणाऱ्यानं चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा एकच कडक नियम. 'मला खरं तर असं म्हणायचं होतं' सुरू झालं की बैठक गेलीच समजा.

मी एसटीच्या प्रवासाची कथा वाचली होती. कंडक्टर मुलीच्या हातावर सुटे पैसे ठेवतो, ती उतरते, तिचे डोळे भरून येतात वगैरे. आमच्यात एक निवृत्त कंडक्टर काका आहेत. ते म्हणाले, "पहिल्या गाडीला एवढी चिल्लर आली कुठनं त्याच्याकडं? आम्ही तिकिटामागं बाकी लिहून द्यायचो." पुढच्या खर्ड्यात मुलगी घाईत उतरते आणि घरी पोचल्यावर तिच्या मुठीत घामानं मऊ झालेलं तिकीट निघतं, मागे पेनानं लिहिलेलं १३. भरलेले डोळे मी काढून टाकले. शैलीबद्दल त्या दिवशी कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं.

कट्ट्याची खोड अशी की ओळखी वाढल्या की जिभा मऊ होतात. वर्षभरानं 'छान जमलंय' ऐकू यायला लागलं, तर दोन नवी माणसं आणा. (किंवा दोन जुनी घालवा, पण ते जमत नाही.)

गावात कट्टा नसेल, किंवा तुम्ही परदेशात असाल, तर व्हिडिओ कॉलवर कथावाचन व्यवस्थित चालतं. वृत्ताच्या टाळ्या मात्र मागेपुढे वाजून नुसता गोंधळ होतो. व्हॉट्सॲप गटावर अंगठे मिळतात, एवढंच.

दिवाळी अंकाला कथा पाठवायची असेल तर कट्टा जानेवारीतच गाठा. साहित्य साधारण पावसाळ्यात मागवतात, तोवर तीन खर्डे वाचून होतात. शिबिराचा अर्ज भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: जण किती, आणि माझं लिखाण कुणी आधी वाचणार आहे का? कट्ट्यावर काही विचारू नका, एकदा नुसते येऊन ऐका. आमच्याकडे त्याला पैसे पडत नाहीत. चहाचे दहा रुपये तेवढे डब्यात टाकायचे, शक्यतो सुटे.