पवनारचा विनोबा आश्रम: अर्ध्या तासात उरकू नका, अख्खा दिवस काढा

डिसेंबरात वर्ध्याला जाऊन आले, त्यातला एक पूर्ण दिवस पवनारला होते, तेव्हापासून लिहायचं राहूनच जातंय. जाण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, सेवाग्राम बघ आणि परत येताना पवनारला अर्धा तास थांब, नदी छान आहे. मी उलटं सांगेन. सेवाग्राम बघाच, बापूकुटीत बसा, पण पवनारला सकाळी जा आणि संध्याकाळीच निघा.

आधी मी का गेले ते सांगते. आम्ही पेणचे. विनोबांचं गागोदे आमच्याच तालुक्यातलं, ११ सप्टेंबर १८९५ ला त्यांचा जन्म तिथला, त्यामुळे लहानपणापासून नाव कानावर. आणि आमची आजी रोज आंघोळ झाली की गीताईचा, म्हणजे विनोबांनी मराठीत आणलेल्या गीतेचा, एक अध्याय म्हणते, पुस्तक इतकं जुनं झालेलं की पानं सुटून दोऱ्याने बांधून ठेवलेली. मी म्हटलं नवीन मागवते ऑनलाईन, तर म्हणाली मागवू नकोस, कधी गेलीस तर पवनारहून आण. एवढ्यासाठी कल्याणहून रात्रीची गाडी पकडली.

वर्धा स्टेशनला उतरल्यावर एका रिक्षावाल्याने "पवनारले जाचं हाय का ताई" म्हणत जो आकडा सांगितला तो ऐकून मी सरळ नागपूरकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले. अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर आहे, घाबरू नका, बसने जा. धाम नदीचा पूल आला की उतरायचं.

तो पूल लक्ष देऊन बघा. १९३८ साली विनोबांची तब्येत इतकी खालावली होती की गांधीजींनी त्यांना विश्रांतीसाठी कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जायला सांगितलं, आणि हे आले कुठे तर वर्ध्यापासून दोन तासांच्या चालीवर, जमनालाल बजाजांच्या नदीकाठच्या बंगल्यात. पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या मनात सगळं सोडलं, सगळी कामं, सगळे विचार, आणि पलीकडे गेल्यावर हातात घेतलं फावडं. आजारी माणूस रोज थोडं थोडं खणायचा, सुरुवातीला काही मिनिटं, मग वाढवत वाढवत, आणि त्या खणण्यानेच बरा झाला. धामच्या पलीकडे म्हणून जागेचं नाव परंधाम.

खणता खणता जमिनीतून जुनी शिल्पं निघाली, वाकाटक राजांच्या काळातली, ती आश्रमात ठेवलेली आहेत. त्यातलं भरत-राम भेटीचं शिल्प बघायला तरी थांबाच. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दर रविवारी विनोबा कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतं. त्या बाराव्या अध्यायाच्या बोलण्यात लक्ष्मण म्हणजे सगुण भक्ती, जवळ राहून सेवा करणारा, आणि भरत म्हणजे निर्गुण, लांब राहून रामाचं काम करणारा असं त्यांनी उलगडून सांगितलंय. आणि सहा वर्षांनी फावड्याखाली राम-भरत भेटच हाताला लागते! मी त्या दगडासमोर किती वेळ उभी होते मला आठवत नाही. मूर्ती झिजलेली आहे, चेहरे नीट दिसत नाहीत, पण मिठी दिसते.

आता पुस्तकांबद्दल, कारण मी मुख्य त्यासाठी गेले होते. थाटामाटाचं दुकान डोळ्यासमोर आणू नका, साधी मांडणी, मराठी हिंदी पुस्तकं, आणि किमती इतक्या कमी की मी परत विचारलं नक्की एवढेच का. पुस्तकांचं पाहणाऱ्या वयस्कर ताईंनी कुठून आलात विचारलं, मी पेण म्हटल्यावर "म्हणजे बाबांच्या गावाकडच्या!" म्हणून त्यांनी मला बसायलाच लावलं. मोठ्या अक्षराची गीताई आहे का विचारलं, काढून दिली, आणि देताना दोन्ही हातांनी दिली.

गीताई कशी झाली हे आजीकडून शंभर वेळा ऐकलंय तरी तिथे बसून परत आठवलं. बडोद्याला असताना आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती पण संस्कृत येत नव्हतं, मराठीतलं जे मिळालं तेही अवघड गेलं, तर त्या मुलाला म्हणाल्या मग तूच का नाही करत. १९१८ ला आई गेली. मुलाने ते काम १९३० च्या ऑक्टोबरात हातात घेतलं आणि पुढच्या फेब्रुवारीत संपवलं. म्हणजे ऐकायला आई नव्हतीच. वर्ध्यातच गोपुरीला गीताई मंदिर आहे, छप्पर नाही, मूर्ती नाही, नुसत्या उभ्या दगडांवर अठरा अध्याय कोरलेत, १९८० ला विनोबांच्याच हस्ते उद्घाटन झालं, तिथेही जाऊन या, संध्याकाळच्या उन्हात अक्षरं छान वाचता येतात.

आश्रमात राहतात त्या बहिणी. १९५९ ला विनोबांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं ते खास स्त्रियांसाठी, त्यांनी एकत्र राहून साधना करावी, शेती करावी, स्वयंपाक करावा, छपाई करावी आणि कुणी एकीने हुकूम सोडायचा नाही, निर्णय सगळ्यांच्या संमतीने. यावर मी फार विचार केला. आमच्या सोसायटीत चार घरांचं पाण्याच्या टाकीवरून एकमत होत नाही आणि इथे साठ वर्षांहून जास्त काळ अशा रीतीने घर चाललंय. अहिंसा म्हणजे थप्पड न मारणं एवढंच माझ्या डोक्यात होतं. इथे भाजी निवडताना बघितली.

भूदानाची गोष्ट तर सगळ्यांनी शाळेत वाचलेली असते पण घाईत वाचलेली असते. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा इथूनच चालत निघाले हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला, आणि तिथून पुढे तेलंगणात, जिथे जमिनीवरून रक्त सांडत होतं, एका बाजूला कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा, दुसऱ्या बाजूला जमीनदार आणि पोलीस. १८ एप्रिलला पोचमपल्लीत चाळीस दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांकडे कुठली जमीन, त्यांनी गावालाच विचारलं कुणी देईल का, आणि रामचंद्र रेड्डी उठून म्हणाले मी शंभर एकर देतो. यात मला काय हलवून गेलं सांगू, मागितले ऐंशी आणि दिले शंभर. पुढची तेरा वर्षं हा माणूस गावोगाव चालत तेच मागत राहिला आणि परत पवनारला आला १९६४ मध्ये.

मी भक्त म्हणून लिहित नाहीये हो. चाळीस लाख एकरांवर जमीन कागदावर मिळाली पण त्यातली बरीच खडकाळ निघाली, बरीच कोर्टकज्ज्यात अडकली, कितीतरी वाटलीच गेली नाही, आणि हे मान्य करायलाच हवं. आणीबाणीला 'अनुशासन पर्व', म्हणजे शिस्तीचा काळ, म्हटल्यावरून त्यांना सरकारी संत म्हटलं गेलं, तो घाव अजून भरलेला नाही, माझ्या बाबांना आजही ते पटत नाही आणि मलाही पूर्ण पटत नाही. पण त्याच आणीबाणीत, १९७६ ला, गोहत्याबंदीसाठी उपोषण करणार असं विनोबांनी जाहीर केलं ते छापलं म्हणून आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले हे कुणी सांगत नाही, ते पण सांगायला हवं ना.

आणि देवघर गावातलं. १९५३ ला तेव्हाच्या बिहारातल्या तिथल्या वैद्यनाथधामला दलितांना बरोबर घेऊन मंदिरात शिरले म्हणून पंड्यांनी मारलं, एका कानाचं ऐकू येणं गेलं, तरी मारणाऱ्यांना शिक्षा नको म्हणाले. पाच वर्षांनी, १९५८ ला, पंढरपुरात विठोबाचं दार त्यांच्यासाठी आणि बरोबरच्या हिंदू नसलेल्या सोबत्यांसाठीसुद्धा उघडलं. आजी हे सांगताना दर वेळी थांबते. १९६० ला चंबळच्या खोऱ्यात वीस डाकू त्यांच्यापुढे शस्त्र ठेवून गेले, तेही सूट मिळेल अशी लालूच न दाखवता, खटला तुम्हाला चालवून घ्यावाच लागेल असं स्पष्ट सांगून. मला वाटतं त्यांना माणसाशी खोटं न बोलता प्रेम करता यायचं, आणि ते फार अवघड आहे, मी घरातल्या घरात करून बघतेय.

समाधी नदीच्या बाजूलाच आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारपणात त्यांनी अन्न, पाणी, औषध सगळं थांबवलं आणि १५ तारखेला, दिवाळीत, गेले. भारतरत्न त्यानंतर, १९८३ ला. खाली पात्रात दगडांवरून पाणी वाहतं, याच धाममध्ये १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थी विसर्जन केल्या, दरवर्षी त्या दिवशी इथे मेळा भरतो आणि लोक स्वतः कातलेली ६४० तारांची गुंडी, म्हणजे सुताची लड, सूतांजली म्हणून वाहतात.

जायचं असेल तर थंडीत जा, वर्ध्याचा मे महिना आपल्या कोकणातल्या माणसाला झेपणार नाही. तिकीट वगैरे काही नाही. फोटो काढायच्या आधी विचारा, ते लोकांचं राहतं घर आहे. मोठ्याने रील्स लावून बसू नका प्लीज, माझ्या समोर एका ग्रुपने लावले होते आणि एक बहीण येऊन काहीच न बोलता नुसती बाजूला बसली, मुलांनी आपणच बंद केलं. परतताना वर्ध्यातून गोरसपाक, तिथलं बिस्कीट, घ्या, घरी नेईपर्यंत टिकतो.

माझ्याकडून पाचपैकी पाच.

गीताई आजीला दिली. अक्षर मोठं आहे म्हणाली, नाकाला लावून वास घेतला, आणि पाठ असलेला बारावा अध्याय पुस्तक मिटूनच म्हणाली. मी वर्ध्याहून सूत कातायची टकळी आणि कापसाचे पेळू आणलेत, रोज रात्री जेवण झालं की बसते, सूत तुटतं, परत जोडते, आत्तापर्यंत दोनशे दहा तार झालेत आणि १२ फेब्रुवारीला गुंडी पूर्ण करून न्यायची आहे. पेण-पनवेलकडचं कुणी येणार असेल तर सांगा, एकत्र तिकिटं काढू.