एफडीवरचं क्रेडिट कार्ड बंद केलं, सिबिलचं काय झालं?

कोविडमध्ये नाशिकच्या अंबडमधलं काम थांबलं आणि माझ्या पर्सनल लोनचे हप्ते थकले. नंतर पै न पै फेडली, तरी उशिराच्या नोंदी रिपोर्टमध्ये राहिल्याच. सिबिल स्कोर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण, साडेसहाशेच्या खाली, त्यामुळे साधं कार्ड कुणी देईना. शेवटी कॉलेज रोडच्या एका शाखेत २५,००० ची एफडी ठेवून त्यावर कार्ड घेतलं. लिमिट २०,०००. पेट्रोल, किराणा, लाइट बिल त्यावर टाकायचं आणि पूर्ण बिल मुदतीत भरायचं, एवढंच केलं. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कमच भरायची, या वाटेला गेलो नाही. तसं केलं तर उरलेल्या बिलावर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं. हळूहळू स्कोर सातशेच्या वर गेला आणि दुसऱ्या बँकेनं ६०,००० लिमिटचं विनातारण कार्ड दिलं.

मग पहिलं कार्ड ठेवायचं कशाला? वार्षिक फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि एफडी अडकलेली. पण ज्याला विचारावं तो म्हणे, "बंद करू नकोस, सिबिल पडेल." मी बंद केलं, त्याला आता काही महिने झालेत.

स्कोर पडला, पण थोडा. पंधरा-वीस गुण. त्याचं कारण मला वापराच्या टक्केवारीत दिसतं. आधी दोन्ही कार्डांचं मिळून लिमिट ८०,००० होतं, त्यात २४,००० खर्च म्हणजे ३० टक्के. एक कार्ड गेल्यावर तोच खर्च ६०,००० वर मोजला गेला आणि थेट ४० टक्के झाला. खर्चात एक रुपयाही वाढ नव्हती. पुढच्या महिन्यापासून स्टेटमेंट तयार व्हायच्या आधीच निम्मी रक्कम भरायला लागलो आणि गुण परत आले. जानेवारी २०२५ पासून बँकांना सिबिलसारख्या कंपन्यांना दर पंधरवड्याला माहिती कळवणं बंधनकारक झालं होतं, म्हणून सुधारणाही लवकर दिसली.

कार्ड बंद केलं की चांगला इतिहास पुसला जातो, हा समज मात्र खरा नाही. माझ्या रिपोर्टमध्ये ते खातं आजही आहे. बंद झाल्याची तारीख, बाकी शून्य, आणि खाली महिन्यामागून महिना वेळेवर भरल्याच्या नोंदी. तसंच उलटही: जुन्या लोनच्या उशिराच्या नोंदी कार्ड बंद करून जात नाहीत.

खरा मनस्ताप बंद करतानाच झाला. शाखेतल्या बाई म्हणाल्या, "सर, राहू द्या ना, पुढच्या वर्षीची फी माफ करून देते." मी तोंडी बोलणं थांबवून ईमेल केला. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बाकी शून्य असेल तर बँकेनं ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. मुदत उलटून गेली आणि वर फीचं नवं बिल आलं! दुसऱ्या ईमेलमध्ये हा नियम लिहिला, तेव्हा कुठे फी उलटवली, कार्ड बंद झालं, एफडी मोकळी झाली. ज्यांना नियम माहीत नाही त्यांनी ती फी भरलीच असती, याचा मला राग आहे. आधीच पडलेल्या माणसाकडून असे पैसे काढू नयेत.

माझं मत असं: हातात दुसरं, मोठ्या लिमिटचं कार्ड आलं असेल आणि पुढचे चार-सहा महिने कर्ज घ्यायचं नसेल, तर एफडीचं कार्ड खुशाल बंद करा. ते एकच कार्ड असेल तर फी सोसूनही ठेवा. बिनफीचं असेल तर बंद करायची घाईच नको. बंद केल्यावर सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही ठिकाणचे रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा प्रत्येकाचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मला एका ठिकाणी खातं अजून चालूच दिसत होतं, तिथे तक्रार टाकून दुरुस्त करून घेतलं.

आता पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटसाठी होम लोनची फाइल टाकली आहे. तिथे बंद कार्डाचं पत्र मागितलं, ते दिलं, आणि फाइल पुढे गेली.