रात्रगस्तीला आधी सेट की आधी मोबाइल?

पोलिसांच्या रात्रगस्तीची जबाबदारी नव्याने अंगावर आली की एक गोष्ट लगेच ठरवावी लागते. आपल्या माणसांनी बोलायचं कशावरून? वायरलेस सेट हातात असतोच, पण बऱ्याच जणांचा हात आधी मोबाइलकडे जातो. तिथे साहेबांशी थेट बोलता येतं आणि चूक झाली तर सगळ्या चॅनलवर बोलणी खावी लागत नाहीत.

माझं मत आधीच सांगतो. ‘मी कुठे आहे’ आणि ‘मदत पाठवा’ हे सेटवरच. ‘समोरचा कोण आहे’ हे मोबाइलवर.

सोलापुरात विजापूर वेशीत दोन गटांची जुंपली आणि बीट मार्शलने, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणाऱ्या पोलिसाने, फोन लावला, तर ते एकालाच कळतं. तो दुसऱ्या कॉलवर असेल तर कोणालाच नाही. तेच सेटवर बोललं की कंट्रोल रूमसोबत जवळपासची गाडीही ऐकते आणि आदेशाआधीच वळते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत हा फरक जास्त जाणवतो. भोगीच्या दिवशी अक्षता सोहळ्यासाठी (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नासाठी) मानाचे सातही नंदीध्वज संमती कट्ट्यापाशी येतात, तेव्हा गर्दीतला जो तो व्हिडिओ पाठवत असतो आणि कॉल लागता लागत नाही. पोलिसांची फ्रिक्वेन्सी वेगळी, तिला त्या गर्दीशी देणंघेणं नाही. इंटरनेट बंद करायची वेळ आली, जशी जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आली होती, तर व्हॉट्सअॅपचा ग्रुप आणि डेटावर चालणारी बोलण्याची अॅप दोन्ही गप्प होतात.

पण सेट शिस्त मागतो. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं की दोघांचंही वाया. दुचाकीवर बसताना बटण दाबलेलं राहिलं तर अख्खं चॅनल अडकतं आणि सगळे इंजिनाची घरघर ऐकत बसतात. बटण दाबल्यावर क्षणभर थांबलं नाही तर पहिला शब्द जातो, घाईने सोडलं तर शेवटचा. सोलापुरात शेवटचा शब्द जाणं फार वाईट: ‘विजापूर’ एवढंच ऐकू आलं तर गाडी वेशीकडे न्यायची की नाक्याकडे? म्हणून जवळची खूणही सांगायला लावा. कंबर तलाव म्हणायचं की संभाजी तलाव, हेही हजेरीतच ठरवा. बदलून आलेल्याला ती दोन ठिकाणं वाटतात. गाडीचा नंबर सुट्या आकड्यांत सांगायचा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत सारखेच ऐकू येतात, ‘पाच नऊ’ आणि ‘सहा नऊ’ नाही. आणि समोरच्याने परत म्हणून दाखवेपर्यंत निरोप पोचला असं धरू नका.

मोबाइल कुठे सरस? हरवलेल्या मुलाचा फोटो, नंबरप्लेट, जुळे सोलापूरच्या एखाद्या नव्या कॉलनीतलं लोकेशन. हे बोलून सांगण्यात वेळ घालवू नये. पीडितेचं नाव, खबऱ्याचा नंबर, कोणाचा घरचा पत्ता तर सेटवर कधीच नाही. साधा अॅनालॉग चॅनल स्कॅनरवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी शोधून ऐकवणाऱ्या यंत्रावर, कोणीही ऐकू शकतो. शिवाय संशयित समोर उभा असताना त्याचीच कुंडली तुमच्या सेटमधून मोठ्याने वाजली तर काय होईल? इअरफोनचा हट्ट धरा.

नवे सेट मागवताना डिजिटल की अॅनालॉग असा प्रश्न आलाच, तर शहरात डिजिटल घ्या: आवाज स्वच्छ, एन्क्रिप्शनची (बोलणं बाहेरच्याला कळू न देण्याची) सोय. फक्त माणसांना एक समजावून सांगा. अॅनालॉग रेंज संपत आली की आधी खरखरतो, डिजिटल एकदम तुटतो. करमाळा, सांगोल्याकडच्या लांब पल्ल्याला मात्र हातातल्या सेटवर विसंबू नका. तो साधारण ५ वॅटचा, गाडीतला २५चा. हातातला कमरेला अडकवून बोललं तर त्यातलीही ताकद अंगच खातं. बोलताना तोंडाजवळ उभा धरायचा.

मध्यरात्रीनंतरची हजेरी सेटवरच घ्या. ज्याचं उत्तर येणार नाही, त्याला मोबाइल लावा, आणि तोही उचलला नाही तर जवळची गाडी त्याच्या पॉइंटवर पाठवा.