जन्मजात तीळ: काढायचा की नुसतं लक्ष ठेवायचं?

वहिनी रोज विचारते, छकुलीच्या पाठीवरचा तीळ काढून टाकू का. तुरीच्या दाण्याएवढा, मधोमध दोन केस, बास.

धोका बघाल तर दीड सेंटीमीटरहून लहान तिळात कॅन्सरची शक्यता 1 टक्क्याहून कमी, वयात येण्याआधी तर फारच क्वचित, म्हणून डॉक्टर बहुतेकदा थांबाच म्हणतात. काढायचा तर लहान पोराला बहुधा पूर्ण भूल, वर व्रण राहतोच. लेझरने रंग फिका होतो पण खालच्या पेशी तशाच. लक्ष ठेवायला स्केल ठेवून अधूनमधून फोटो, खर्च शून्य. पोराबरोबर तीळ वाढतोच, पण गाठ किंवा रक्त आलं तर लगेच दाखवा.

तीळ लहान असेल तर थांबा. चेहऱ्यावर असेल, पोरं चिडवत असतील तर जरा मोठं झाल्यावर, नुसतं तेवढी जागा बधिर करायचं इंजेक्शन देऊन काढता येतो. फार मोठा असेल तर मात्र बाळ लहान असतानाच त्वचेचे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन दोघांना गाठा.