क्लिपरचा जुना प्रोग्राम हार्बरवर आणला: आठ महिने वापरल्यानंतर

मार्केट यार्डात आमचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे. पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशोब) काढायचा प्रोग्राम १९९६ चा, क्लिपर या डॉसच्या जमान्यातल्या भाषेतला, ओळखीच्या एका काकांनी लिहून दिलेला, निळा स्क्रीन पिवळी अक्षरं. मधे हौसेने माऊसवालं नवीन पॅकेज घेतलं होतं, दिवाणजींनी चार दिवस वापरलं आणि पाचव्या दिवशी गुपचूप कार्बन लावून हाताने पट्ट्या लिहायला बसले. त्यांची बोटं एंटर एंटर एफ-टेन अशी आपोआप चालतात, स्क्रीनकडे बघतच नाहीत, नजर सगळी काट्यावर.

६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत, म्हणून आधी दोन वर्षं डॉसबॉक्सवर काढली, म्हणजे विंडोजमध्ये नकली डॉस उभं करणाऱ्या प्रोग्रामवर. आमचा प्रोग्राम चालतो, पण डॉसबॉक्स मुळात गेम्ससाठी बनवलेला. साध्या डॉसबॉक्सला प्रिंटर पोर्टच नाही, पट्टी फाइलमध्ये काढा मग नोटपॅडमधून छापा, नुसता वैताग. रविवारी त्याच मशीनवर पोरगा प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचा, तिथे मात्र झकास. (त्या प्रिन्सच्या मूळ ॲपल-टू आवृत्तीचा सोर्स, म्हणजे लिहिलेला कोड, गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने २०१२ मध्ये खुला केला, वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्या सापडल्या म्हणून. आमच्या काकांनीही सोर्स सीडीवर दिला होता, नाहीतर पुढचं काहीच झालं नसतं.)

सोर्स का लागतो ते २०१६ ला कळलं होतं. फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आला, म्हणजे पट्टीचं गणितच बदललं. तेव्हा काकांनीच येऊन बदलून दिलं, आता ते थकलेत.

तर हार्बर. फुकट आहे, ओपन सोर्स, क्लिपरचाच कोड घेतो, त्याचं सी भाषेत रूपांतर करतो आणि आजच्या विंडोजची एक्सई बनवतो. जुन्या डेटाच्या डीबीएफ फाइली जशाच्या तशा उघडल्या, तिथे मी मनातल्या मनात नारळ फोडला. अडकलो ते अक्षरी रकमेवर. काकांनी ते कुणाकडून तरी तयार ओबीजे फाइलमध्ये (आधीच कंपाइल केलेलं, सोर्स नाही) आणलेलं, ती १६ बिट, जोडता येईना. शेवटी स्वतःच लिहिलं आणि लिहायचंच तर मराठीत म्हणून बसलो, तर आपल्याकडे शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, एकोणसाठ एकोणसत्तर एकोणऐंशी टाइप करता करता रात्रीचा एक वाजला.

मराठीचं दुखणं मात्र आहेच. स्क्रीन चौकोनाचौकोनांचा, एका चौकोनात एकच अक्षर, त्यात जोडाक्षरं फुटतात. वर नावाचा रकाना २० बाइटचा आणि युनिकोडमध्ये आपलं एकेक अक्षर, काना, मात्रा तीन तीन बाइट खातं. 'ज्ञानेश्वर'चं 'ज्ञाने' आणि पुढे एक डबडं. रकाना ९० चा केला, आणि शेतकऱ्याची पट्टी एचटीएमएल करून ब्राउझरमधून लेझरवर छापतो. ऑफिस कॉपी अजून इंग्रजीत डॉट मॅट्रिक्सवरच, रॉ प्रिंटचं (मजकूर थेट प्रिंटरला पाठवायचं) फंक्शन हार्बरमध्ये आहे, खडखड करत लगेच येते.

महिनाभर रोज रात्री दोन्ही प्रोग्रामचे टोटल ताडून बघितले, एकदाही फरक नाही. स्पीड भन्नाट, आधी इंडेक्स बनेपर्यंत चहा व्हायचा आता कप उचलेपर्यंत होतो. डॉक्युमेंटेशन मात्र तुटपुंजं, क्लिपर अजिबात येत नसेल तर एकट्याने नादी लागू नका.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. पहिल्याच आठवड्यात तीन पट्ट्या भलत्याच खात्यावर पडल्या. दिवाणजी अशी चूक करणारे नाहीत, मला कळेना. मग म्हणाले, "अहो शेठ, हा आता ओरडत नाही." खातं नंबर चुकला की जुना प्रोग्राम पीसी स्पीकरवर टोंय करायचा आणि ते त्या आवाजावरच चालायचे. कोडमध्ये आवाज काढायची टोन ही कमांड होतीच, पण हार्बरच्या एक्सईत तो आवाज साउंड कार्डातून जातो आणि आमच्या मशीनला स्पीकरच नव्हते. अडीचशे रुपयांचे आणून लावले. आता पुन्हा टोंय होतं.