सॅम्पल अस्सल, खोकं बनावट : होल्स्टर-हातकड्या मागवणाऱ्यांनी वाचा

बाहेरगावच्या व्यापाऱ्याने अस्सल सॅम्पल दाखवून मला ८३,१९० रुपयांना फसवलं. ४० होल्स्टर, म्हणजे पिस्तूल कमरेला लावायची म्यानं, ११५० रुपयांनी, २५ जोड्या हातकड्या ९८० रुपयांनी, वर १८ टक्के जीएसटी. निम्मे, म्हणजे ४१,५९५ आगाऊ आणि तेवढेच बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर. पुण्यात पोलिसी सामान विकणाऱ्यांना ही पद्धत नवी नाही, बाहेरगावचा माल असाच येतो. त्यामुळे ‘एवढंही कळलं नाही?’ म्हणणाऱ्यांनी आधी गणपतीच्या बंदोबस्ताच्या तोंडावर दुकान सांभाळून दाखवावं.

सॅम्पल उत्तम होतं. जाड कडक चामडं, ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीचं कडं) पूर्ण झाकलेला, लूप सव्वादोन इंची बेल्टचा. खोक्यात निघालं ते रेग्झिन, वर चामड्याचा पापुद्रा. पिस्तूल बाहेर काढलं की होल्स्टरचं तोंड मिटतं. मिटलेलं तोंड उघडायला दुसरा हात लागतो आणि नळी आपल्याच बोटांवर येते. त्याहून वाईट म्हणजे मऊ कड ट्रिगर गार्डमध्ये शिरली, की पिस्तूल आत ढकलताना ट्रिगर दाबला जातो. ग्लॉक पिस्तुलाला बोटाने लावायची वेगळी सेफ्टी नसते, गोळी सरळ मांडीत. शिवाय पट्टी जुन्या नऊ एमएम पिस्तुलाच्या हॅमरच्या, म्हणजे मागच्या घोड्याच्या, मापाने शिवलेली, ग्लॉकवर टिचबटण लागतच नाही. ‘सगळ्या पिस्तुलांना चालतं’ असं सांगितलेलं होल्स्टर घेऊच नका. मॉडेल बिलावर लिहून घ्या. तपासताना मॅगझीन काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा, मग पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून, बटण लावून गादीवर उलटं धरून झटका द्या. पडलं तर माल परत. आणि पावसाळ्यात पिस्तूल चामड्यात ठेवून झोपू नका, गंज चढतो.

आता ती जागा, जी आठवली की अजून डोकं फिरतं. माल भरताना त्या व्यापाऱ्याने २२ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. अकराव्या सेकंदाला हातकडीच्या कडीची बाजू कॅमेऱ्यासमोर येते. सपाट, गुळगुळीत. किल्लीच्या टोकाने पिन दाबायचं भोकच नाही. म्हणजे डबल लॉक नाही! सॅम्पलला होतं. उरलेले पैसे त्यानंतर गेले. फोनच्या पडद्यावर, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, कुणाला दिसणार होतं?

डबल लॉक नसलेली कडी दबली की दातागणिक आवळते. गाडीत बसलेल्याच्या स्वतःच्या वजनानेही. अंगठ्याकडची नस दबते, बधिरपणा आठवडेच्या आठवडे राहतो. कडी आणि मनगट यांत बोटाचं टोक जाईल एवढी जागा ठेवायची, मगच डबल लॉक. हात मागे बांधलेल्याला पालथं ठेवायचं नाही. लगेच कुशीवर वळवा किंवा बसवा, श्वास कोंडतो.

२५ पैकी ९ जोड्या नुसत्या हिसक्याने सुटल्या, दात धरणारा खटका अर्धवट बसतो. ४ जोड्या किल्लीनेही उघडेनात. हेच कुणाच्या मनगटावर असतं तर करवत आणावी लागली असती. घेताना कडी रिकामी फिरवा, प्रत्येक दाताचा आवाज सारखा यायला हवा. प्रत्येक दातावर मागे ओढून पाहा.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत उत्तर मिळालं, “माल मिळालाय ना? मग हा दिवाणी मामला.” पोलिसांच्याच कमरेला लागणारं सामान, आणि पोलिसच म्हणतात कोर्टात जा! १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, तिथेही माल पोचल्याचंच तुणतुणं. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगाकडे जावं तर २०१९ च्या कायद्यात विक्रीसाठी माल घेणारा ग्राहकच धरत नाहीत. जो तो दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो. सॅम्पल एक आणि माल दुसरा ही फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. गुन्हा नोंदवत नसतील तर वरिष्ठांना लेखी पाठवा, पोच घ्या. तिथेही दाद नाही मिळाली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

जीएसटी नंबर पोर्टलवर ‘ॲक्टिव्ह’ दिसला म्हणून विरघळू नका, तो दुसऱ्याचाही असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्र २७, उत्तर प्रदेश ०९, दिल्ली ०७. पत्त्याशी जुळवा. नोंदीतलं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एक नसेल तर रुपया सोडू नका.

खोकं उघडताना न थांबता व्हिडिओ काढा, बिल्टीचा नंबर त्यात दिसू द्या. सॅम्पल आणि आलेला माल वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवा. चौकीत ‘सामान इथे ठेवून जा’ म्हणाले, तर नगांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.