ॲनोटेशन कधी वाचावे: प्रोग्राम चालताना की कंपाइल होताना?

हिंजवडीत जावावर काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यापुढे प्रश्न आहे: स्वतः तयार केलेले ॲनोटेशन (कोडवर लावलेली खूण) प्रोग्राम चालू असताना रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू प्रोग्रामला स्वतःचेच क्लास तपासू देणाऱ्या सोयीने, वाचावे, की कंपाइल होतानाच ॲनोटेशन प्रोसेसरकडून (कंपाइलरसोबत चालून ॲनोटेशने वाचणाऱ्या प्रोग्रामकडून) आवश्यक कोड तयार करून घ्यावा? जावात ॲनोटेशने २००४ साली पाचव्या आवृत्तीत आली. ती स्वतः काहीच करत नाहीत, ती वाचणारे कोणीतरी असावे लागते.

मेहनतीच्या बाबतीत रिफ्लेक्शन सरस आहे. रिटेन्शन (ॲनोटेशन कुठपर्यंत टिकवायचे ती नोंद) ‘रनटाइम’ ठेवायचे, क्लासमधल्या मेथड तपासायच्या आणि खूण दिसेल ती चालवायची, एवढ्यावर काम भागते. मात्र रिटेन्शन लिहायचे राहिले, तर ते आपोआप ‘क्लास’ धरले जाते, त्यामुळे ॲनोटेशन बाइटकोडमध्ये (कंपाइल झालेल्या कोडमध्ये) असूनही रिफ्लेक्शनला दिसत नाही आणि कोणतीही त्रुटी न दाखवता प्रोग्राम पुढे जातो. नवख्यांचा बराच वेळ इथेच जातो. प्रोसेसर लिहिणे मुळातच किचकट, कारण तिथे क्लास लोड झालेले नसतात, केवळ कोडची रचना हाती असते, आणि नव्या फाइल तयार करता आल्या तरी असलेला कोड अधिकृतपणे बदलता येत नाही.

चुका पकडण्यात मात्र प्रोसेसर पुढे आहे: तशी तपासणी लिहिलेली असेल, तर चुकीच्या जागी लावलेली खूण बिल्डच थांबवते. रिफ्लेक्शन प्रोग्राम चालू झाल्यावर क्लास तपासते, म्हणून वेगातला फरक प्रामुख्याने प्रोग्राम सुरू होताना जाणवतो.

संघापुरते साधन किंवा छोटी चाचणी-चौकट हवी असेल, तर रिफ्लेक्शन पुरेसे आहे. अनेक संघ वापरणार असलेल्या लायब्ररीसाठी किंवा अँड्रॉइड ॲपसाठी प्रोसेसरची मेहनत घ्यावी.